चणे आहेत, दात नाहीत

चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आम्ही लहानपणी हसत हसत म्हटली; साठी उलटल्यावर ती आमच्याच वाट्याला आली. इंदूरसारख्या शेवेच्या गावी राहून शेवेविना पोहे खाण्याचे दुःख परक्याला सांगून कळायचे नाही.

कर्करोग हाडांत उतरला, तेव्हा आम्हांला शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड दिले गेले. हाड म्हणजे अखंड बांधकाम चाललेला वाडा. जुना भाग उतरवणारे बेलदार आणि नवा रचणारे गवंडी, अशा दोन्ही पेशी तेथे राबत असतात. हे औषध बेलदारांचा हात धरते. त्यामुळेच आमचे मणके शाबूत राहिले. पण पुढे एक दाढ काढावी लागली आणि ती जखम मिटेना. आठ आठवडे उलटले तरी हाड उघडेच! मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये असे ३६ रुग्ण नोंदवले, तेव्हा या विकाराकडे वैद्यकाचे लक्ष गेले. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांतील मजुरांचे जबडेही पांढऱ्या फॉस्फरसामुळे असेच कुजत.

मृत हाड काढल्यावर आमची जखम भरली. मग पक्क्या दातांचा मोह झाला. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमच्या खुंट्या बसवल्या. हाड त्यांना आपणहून घट्ट धरते. एका दंतवैद्यांनी आम्हांलाही लगेच होकार दिला. दुसऱ्यांनी मात्र औषधाचे जुने कागद मागवले व नकार दिला. ते म्हणाले, "इंजेक्शने थांबली, तरी औषध हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते. खुंटी आज रुजली, तरी पुढे तिच्याभोवतीच हाड पुन्हा मरू शकते."

आमच्या शेजारणीने हाडांच्या ठिसूळपणासाठी याच कुळातल्या गोळ्या घेतल्या होत्या. तिला खुंट्या बसवल्या आणि त्या टिकल्या. आम्हांला हेवा वाटला, हे नाकारत नाही. परंतु कर्करोगातील मात्रा कितीतरी मोठी, म्हणून धोकाही मोठा. शिवाय तिचा जबडा कधी कुजलेला नव्हता.

अखेर आम्ही काढता-घालता येणारी कवळी पत्करली. ती कोठे टोचली, तरी लगेच दाखवायची, रात्री काढून ठेवायची, असा दंडक आहे. बोलताना 'स' जरा निसटतो. पण ज्या औषधाने दात नेले, त्यानेच आम्हांला पायांवर उभे ठेवले. राजवाड्यापर्यंतची रोजची फेरी आम्ही अजून चालत करतो. या हिशेबात तक्रारीला फारशी जागा उरत नाही.