एडिटरच्या आतली यादी

१९७८ साली मायक्रोप्रो या अमेरिकन कंपनीने वर्डस्टार नावाचा लेखनाचा प्रोग्राम बाजारात आणला. कंपनी सिमूर रुबिन्स्टीन यांची. प्रोग्राम लिहिला होता रॉब बार्नबी यांनी. तो सुरू केला की कागदासारखा कोरा पडदा समोर येत नसे. आधी एक मेनू येई: डी म्हणजे दस्तऐवज उघडा, पी म्हणजे छापा, वाय म्हणजे फाइल पुसा. त्या मेनूच्या खाली डिस्कवरच्या फाइलींची नावे ओळीने मांडलेली असत. नको असल्यास एफ हे अक्षर दाबून यादी झाकता येई. लिहिता लिहिता मध्येच हवी झाली, तर कंट्रोल आणि के दाबून मग एफ दाबले की ती पुन्हा प्रकट होई.

आज यात नवल वाटण्यासारखे काही नाही. परंतु लेखनाच्या प्रोग्रामने फाइलींची यादी स्वतः करावी, हे काम त्या काळी कोणी हौसेने अंगावर घेतले नव्हते. त्यामागे नाइलाज होता.

वर्डस्टार प्रथम ज्या प्रणालीवर चालला तिचे नाव सीपी/एम. गॅरी किल्डॉल यांनी ती १९७४ च्या सुमारास रचली. तिच्यात एका वेळी एकच प्रोग्राम चाले. मेमरी फार तर ६४ किलोबाइट. फाइलींची यादी दाखवणारा डीआयआर हा आदेश होता, पण तो राहत असे आदेश वाचणाऱ्या छोट्या भागात. मोठा प्रोग्राम मेमरीत आला की जागेच्या टंचाईमुळे तो हाच भाग खुशाल पुसून वापरी. प्रोग्राम संपल्यावर प्रणाली तो डिस्कवरून पुन्हा आणून बसवी. म्हणजे वर्डस्टार चालू असताना डीआयआर बहुधा अस्तित्वातच नसे. ज्याला हाक मारायची तोच घरात नाही, अशी ती अवस्था.

मग यादीवाचून काय अडत होते? लिहिणाऱ्याचे सगळेच अडत होते. वर्डस्टार मूळ फाइलीला हात लावत नसे. बदललेला मजकूर तो वेगळ्या तात्पुरत्या फाइलीत लिही आणि जतन झाल्यावर जुन्या प्रतीला बीएके हे शेपूट लावून ठेवून देई. पद्धत सावध खरी. पण एका प्रकरणाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती फ्लॉपीवर साचत. दुपारभर टंकलेखन करून कोणी जतन करायला जाई, आणि पडद्यावर सूचना येई की डिस्क भरली आहे. आता बाहेर पडून यादी पाहावी, तर बाहेर पडताच दुपारची मेहनत पाण्यात. आत राहून एखादी जुनी फाइल पुसावी, तर तिचे नेमके नाव आठवायला हवे. अशा वेळी कंट्रोल-के-एफ हाच तारणहार होता: यादी उघडायची, एखादी निरुपयोगी बीएके फाइल हेरायची आणि कंट्रोल-के-जे दाबून तिला निरोप द्यायचा. सोयींची जाहिरात करताना अशा सोयींचा उल्लेख सहसा होत नाही. ज्याचे प्रकरण वाचले, त्याच्या मात्र ती आयुष्यभर लक्षात राहत असणार.

ही यादी तयार कशी होई, हेही पाहण्याजोगे आहे. सीपी/एमच्या गाभ्यात क्रमांकाने मागवायच्या काही सेवा होत्या. सतरावी सेवा 'पहिली जुळणारी नोंद शोध' अशी, आणि अठरावी 'पुढची शोध' अशी. नावाच्या अकराही जागी प्रश्नचिन्हे भरून सतरावीला हाक मारायची, म्हणजे कोणतेही नाव जुळे. मग नोंदी संपेपर्यंत अठरावीला पुन्हा पुन्हा विचारत राहायचे. प्रत्येक नोंद ३२ बाइटची. आठ इंची प्रमाण फ्लॉपीवर अशा ६४ नोंदींची जागा असे. पुसलेल्या फाइलीची नोंद खरोखर पुसली जात नसे. तिच्या पहिल्या बाइटमध्ये ई-५ हे चिन्ह बसे आणि शोध तिला ओलांडून पुढे जाई. १६ किलोबाइटहून मोठ्या फाइलीला तर एकाहून अधिक नोंदी लागत. यादी करणाऱ्याने भान ठेवले नाही, तर एकच नाव दोनदा छापले जावे! डिस्कवर जे लिहिलेले असते ते आणि माणसाला दाखवायची यादी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच्या प्रोग्रामरला पहिल्याच आठवड्यात कळत असे.

महाराष्ट्रातल्या वाचकांच्या घरी याचे साक्षीदार सापडू शकतील. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे काही वर्षे गावोगावच्या संगणक वर्गांत वर्डस्टार, लोटस आणि डीबेस ही त्रयी शिकवली जाई. तोवर सीपी/एम मागे पडून डॉस आले होते, परंतु एका वेळी एकच प्रोग्राम हा नियम तसाच होता आणि वर्डस्टारचा तो मेनूही. आई-वडिलांना किंवा काका-मावशीला 'कंट्रोल-के-एफ' म्हणून पाहावे. मेंदूआधी बोटे उत्तर देण्याची शक्यता बरीच आहे.

याच काळात युनिक्सच्या जगात मात्र विचार अगदी उलट दिशेने वाहत होता. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी जी प्रणाली सुरू केली, तिच्यात अनेक प्रोग्राम एकत्र नांदू शकत. यादी करायला एलएस नावाचा स्वतंत्र छोटा प्रोग्राम होता. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत त्याची नोंद आढळते. थॉम्प्सन यांच्याच ईडी या एडिटरमध्ये उद्गारचिन्ह लिहून पुढे एलएस लिहिले की यादी पडद्यावर येई आणि मजकूर जागच्या जागी सुरक्षित राही. पुढे व्हीआयनेही हीच वाट धरली. एडिटरने यादी शिकण्याचे कारणच उरले नाही. प्रत्येकाने आपले एकच काम करावे आणि ते नीट करावे, या विचाराचे ते चांगले उदाहरण. त्यातली शालीनता नाकारता येत नाही.

गंमत अशी की जुन्या युनिक्सवर ज्याला स्वतः यादी करायची असेल त्याला ती सीपी/एमहून सोपी होती, कारण डिरेक्टरी ही चक्क एक फाइल होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक नोंद १६ बाइटची असे: पहिले दोन बाइट फाइलीच्या क्रमांकाचे आणि उरलेले १४ नावाचे. क्रमांक शून्य असला तर जागा रिकामी. कोणत्याही प्रोग्रामने डिरेक्टरी उघडावी आणि सोळा-सोळा बाइट वाचत जावे. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीने २५५ बाइटपर्यंत लांब नावे आणली, आणि नोंदींची लांबी कमीजास्त होऊ लागल्यावर हे काम ओपनडिर, रीडडिर या नावांच्या फंक्शनांकडे गेले. चौदा बाइट किती अपुरे हे मराठी वाचकाला पटकन कळेल. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, तीन बाइट घेते. त्या हिशेबाने 'पुणे' हे नाव बारा बाइटांत मावले असते. 'सातारा'ला अठरा लागतात. ते दारातच अडले असते. ही यूटीएफ-८ पद्धत १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासह ज्यांनी घडवली ते पुन्हा केन थॉम्प्सनच, हा योग मोठा सुंदर आहे.

पाइक यांनी सांगितलेली दुसरी एक हकिकत इथे सांगायलाच हवी. प्रत्येक डिरेक्टरीत 'स्वतः' आणि 'वरची' यांसाठी अनुक्रमे एक टिंब आणि दोन टिंबे अशी दोन नावे असतात. यादीत ती उगाच दिसत, म्हणून एलएसमध्ये सोपी तपासणी घातली गेली: नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते वगळावे. हवी होती दोनच नावे वगळायला. वगळली गेली टिंबाने सुरू होणारी सगळीच. त्या आळसातून लपलेल्या फाइलींचा संपूर्ण रिवाज जन्माला आला. पुढे ज्या ज्या एडिटरने स्वतःची यादी केली, त्याला हा जुना आळसही इमानाने गिरवावा लागला. तसे केले नसते तर वापरणाऱ्यांना यादीच चुकीची वाटली असती.

एडिटर आणि यादी यांचे नाते खऱ्या अर्थाने बदलले ते स्टॅनफर्डमध्ये. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास स्टॅन कुगेल यांनी डिरेड हा प्रोग्राम लिहिला. डिरेक्टरी आणि एडिट या शब्दांची आद्याक्षरे जोडून बनलेले हे नाव. यादी म्हणजे जणू मजकूर, आणि मजकुराप्रमाणेच तिच्यावरही हात चालवावा, ही त्यामागची कल्पना. जीएनयू ईमॅक्स या एडिटरमध्ये ती आरंभीच्या आवृत्त्यांपासून आहे. यादीतल्या ओळीवर जाऊन डी दाबले की फाइलीवर पुसण्याची खूण होते. एक्स दाबून होकार दिला की खूण केलेल्या फाइली जातात.

पण ही यादी ईमॅक्स करतो कशी? युनिक्सच्या शिस्तीप्रमाणे तो एलएसलाच बोलावतो आणि त्याने छापलेला मजकूर वाचतो. इथे धोका दबा धरून बसला आहे. एलएसची यादी माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. हक्क, मालक, आकार, तारीख आणि शेवटी नाव. नाव नेमके कुठे सुरू होते हे ईमॅक्सला तारखेच्या रूपावरून ताडावे लागते. तारीख तर भाषेगणिक बदलते. त्यासाठी ईमॅक्समध्ये जो नमुना लिहिलेला आहे, त्यात जपानी-चिनी पद्धतीच्या तारखांची सोय आहे आणि ब्रिटनी प्रांतातल्या ब्रेटन भाषेचीही, कारण तिच्या महिन्यांच्या नावांत अवतरणचिन्ह येऊ शकते. इतके करूनही युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालते. नावाच्या मधोमध नवी ओळसुद्धा. अशा नावाचे वाचन चुकले आणि पुढे एक्स दाबले गेले, तर जाणारी फाइल कोणाची?

यावर जीएनयूच्या मंडळींनी काढलेला तोडगा विलक्षण आहे. त्यांनी एलएसलाच 'डिरेड' नावाचा एक पर्याय शिकवला. तो दिला की एलएस नेहमीची यादी छापून झाल्यावर शेवटी एक जादा ओळ लिहितो, आणि प्रत्येक नाव कितव्या बाइटला सुरू होऊन कितव्याला संपते त्याचे आकडे तीत देतो. बाहेरच्या प्रोग्रामवर विसंबणारा एडिटर शेवटी त्या प्रोग्रामलाच आपली भाषा बोलायला लावतो! सुटेपणाच्या तत्त्वाचे यात काय उरले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

आणि जिथे एलएस मुळातच नाही तिथे? डॉस आणि विंडोज यंत्रांवर ही अडचण उभी राहिली. १९९० च्या दशकाच्या आरंभी सेबास्टियन क्रेमर यांनी ईमॅक्सच्या लिस्प भाषेतच एलएसची नक्कल लिहिली. तिचे नाव एलएस-लिस्प. डिरेक्टरीतली नावे आणि फाइलींचे गुणधर्म ती ईमॅक्सच्या स्वतःच्या फंक्शनांकडून घेते, क्रम लावते, हक्कांची अक्षरे जुळवते आणि ओळ न् ओळ एलएससारखी यादी उभी करते. बाहेरचा एकही प्रोग्राम लागत नाही. पुढे फ्रान्सिस राइट यांनी तिच्यात भर घालून मॅक किंवा विंडोजच्या धाटणीची यादी निवडण्याची सोय केली. विंडोजवर आजही ईमॅक्स मुळात हीच यादी दाखवतो. तिथे बसलेल्या वापरकर्त्यासमोर युनिक्सचे हक्क, युनिक्सची मांडणी, पण पडद्यामागे युनिक्स नाहीच.

ब्राम मूलेनार यांच्या व्हिममध्येही असेच घडले. २००६ च्या सातव्या आवृत्तीत चार्ल्स कॅम्पबेल यांचे नेटआरडब्ल्यू हे जोडकाम डिरेक्टरी दाखवू लागले. दूरच्या यंत्रासाठी ते बाहेरच्या साधनांची मदत घेते. आपल्याच यंत्रावरची नावे मात्र व्हिमच्या अंगच्या फंक्शनने गोळा करते. २०१९ च्या ८.२ आवृत्तीत रीडडिर नावाचे फंक्शन थेट व्हिमच्या भाषेतच आले.

मॅकवर ईमॅक्स उघडून डिरेक्टरी पाहू गेल्यास पडद्याच्या तळाशी एक तक्रार उमटते: इथल्या एलएसला डिरेड हा पर्याय कळत नाही. मॅकचा एलएस बीएसडी घराण्यातला. जीएनयूच्या एडिटरसाठी झालेली ती खास तडजोड त्याच्या कानावर गेलेलीच नाही. वापरणाऱ्यापुढे मग तीन वाटा असतात. जीएनयूचा एलएस वेगळा आणून बसवावा, किंवा ईमॅक्सला तो पर्याय मागू नकोस असे सांगावे, किंवा एलएस-लिस्प चालू करून बाहेर कोणाला विचारण्याची गरजच मिटवावी. तिसरी वाट धरली की तक्रार थांबते आणि यादी मुकाट्याने समोर येते, वर्डस्टारच्या मेनूखाली येत असे तशी.