घरक्रमांकासह पती-पत्नी

थाई बाईशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला थायलंडमध्ये वर्षभर राहण्याची परवानगी हवी असेल, तर अर्जाला नवरा-बायकोचे एकत्र फोटो जोडावे लागतात. एक फाटकापाशी, घराचा क्रमांक स्पष्ट दिसेल असा. एक बैठकीच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, आणि बहुतेक ठिकाणी एक झोपण्याच्या खोलीतही. या शेवटच्या फोटोत तोंड कसं ठेवायचं हे मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. हसावं तर चावट दिसतं, न हसावं तर आत्ताच भांडण झाल्यासारखं. नोय, म्हणजे माझी बायको, पलंगाच्या कडेला हात मांडीवर घेऊन परीक्षेला बसल्यासारखी बसते. मुलगी मोबाइल धरून म्हणते, बाबा, जरा जवळ सरका.

जवळ सरकायची आमच्या घराण्याला सवय नाही. माझे वडील अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. लग्नाला फोटोग्राफर बोलावण्याची ऐपत नव्हती, आणि पुढे ऐपत आली तेव्हा नवरा-बायकोने शेजारी बसून फोटो काढणं हा आचरटपणा वाटण्याचं वय झालं होतं. त्यांचा जोडीचा पहिला फोटो निघाला १९९४ साली, निवृत्तीच्या वर्षी, कारण पेन्शनच्या कागदांना पती-पत्नीचं संयुक्त छायाचित्र लागतं. तासगावच्या स्टुडिओत दोघं गेली. आई इरकल नेसून, अण्णा टोपी घालून. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडलेली. फोटोग्राफरने आर्जवं केली, तेव्हा आई वीतभर सरकली. उरलेल्या प्रती तिने स्टीलच्या डब्यात पावत्यांबरोबर ठेवल्या. अण्णा गेले तेव्हा भिंतीवर लावायला दुसरा चांगला फोटोच नव्हता. त्याच जोडफोटोतला अर्धा भाग मोठा करून घेतला. आमच्याकडे कचेरीने मागितल्याशिवाय फोटो निघायचे नाहीत, आणि कचेरीने मागितला म्हणून निदान तो एक तरी निघाला.

मी इचलकरंजीत कापडाचं शिक्षण घेतलं आणि १९९७ साली, इथलं चलन बात कोसळलं त्याच वर्षी, बँकॉकजवळच्या एका सूतगिरणीत नोकरीला लागलो. थायलंडच्या कापडधंद्यात आपल्याकडचे लोक आधीपासून होते. आदित्य बिर्लांनी १९६९ मध्ये परदेशातली पहिली गिरणी उभारली ती याच देशात. नोय आमच्या गिरणीच्या हिशेबखात्यात होती. २००५ मध्ये आम्ही लग्न केलं. सकाळी नऊ भिक्षूंनी मंत्र म्हटले, वडीलधाऱ्यांनी आमच्या जुळलेल्या हातांवर शंखातून पाणी ओतलं, आणि नवऱ्याकडून वधूच्या घरी जाणारी सिनसोतची रक्कम मी तबकात मांडली. हे कळल्यावर अण्णा फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणजे हुंडा आपण द्यायचा?

कायद्याच्या लेखी या सगळ्याला किंमत नाही. थाई दिवाणी संहितेत लग्न होतं ते फक्त अम्फोत नोंद झाली की. अम्फो म्हणजे आपली तहसील कचेरी समजा. त्याआधी सुखुमवितच्या तेवीस नंबरच्या गल्लीतल्या भारतीय वकिलातीतून मी अविवाहित असल्याचं पत्र आणायचं, त्याचं थाई भाषांतर करून परराष्ट्र खात्याकडून साक्षांकित करून घ्यायचं, मग अम्फोच्या टेबलापुढे सह्या. नक्षीदार कडांचा दाखला दोघांना एकेक मिळतो, त्याला खो-रो-३ म्हणतात. खरा उपयोगाचा कागद म्हणजे नोंदवहीचा उतारा, खो-रो-२. तो दरवर्षी ताजा काढून आणावा लागतो. गेल्या वर्षीचं लग्न या वर्षीही शिल्लक आहे याचा तो पुरावा.

नोकरी होती तोवर यातलं काही मला करावं लागलं नाही. कामाचा व्हिसा, परवाना, सगळं गिरणी बघायची. २००९ मध्ये मंदीत माझी जागा गेली, आणि नोकरीचा शेवटचा दिवस हाच राहण्याच्या परवानगीचाही शेवटचा दिवस असतो हे तेव्हा अंगावर आलं. रात्रीच्या गाडीने नोंग खायला, मेकाँगवरच्या पुलावरून विएंतियानला. तिथल्या थाई वकिलातीत ‘नॉन-ओ’ नावाचा नव्वद दिवसांचा व्हिसा मिळाला. त्या नव्वद दिवसांत पुढच्या वर्षभराच्या मुदतवाढीचा अर्ज करायचा. तोवर या देशात राहण्याचं माझं कारण गिरणी होती, आता नोय झाली. ती हे वाक्य भांडणात वापरते.

तेव्हापासून फाटकापाशी उभं राहणं सुरू झालं. पहिल्या वर्षी फोटो रोलवर काढून धुऊन आणले. आता मोबाइलवरून साध्या कागदावर छापतो. घर पुत्थमोंथोन भागात, नोयच्या आईने दिलेल्या तुकड्यावर बांधलेलं. क्रमांकात तिरकी रेघ आहे, कारण मूळ जमिनीचे तुकडे पडत गेले तसे आकडे पुढे वाढत गेले. २०११ च्या महापुरात पाणी आमच्या गल्लीत आलं आणि बरेच दिवस हललं नाही. त्यानंतरच्या फोटोत फाटकाच्या खांबावर गुडघ्याच्या वर चिखलाची आडवी रेघ दिसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये राजा भूमिबोल वारले आणि देशाने वर्षभर दुखवटा पाळला. त्या वर्षी आम्ही दोघं काळ्या कपड्यांत आहोत. मुलगी आधी काखेत, मग मधे उभी, मग दिसत नाही, कारण कॅमेरा तिच्या हातात गेला. करोनात मास्क काढून, श्वास रोखल्यासारखे उभे. माझं पोट वर्षागणिक क्रमांकाच्या पाटीकडे सरकत गेलं आहे. सहलीला जाऊन काढलेले फोटो कुठल्या कुठल्या मोबाइलबरोबर गेले. हे मात्र तारखेवार, सह्यांनिशी टिकले.

फोटोंवर सरकारचा पूर्ण विश्वास नसतो, आणि बरोबरच आहे. अर्ज घेतला की ‘विचाराधीन’ असा तीस दिवसांचा शिक्का बसतो आणि त्या काळात कधी कधी अधिकारी घरी येतात. आमच्याकडे दोघे आले होते. चप्पल बाहेर काढून, नम्रपणे. त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, हा खरंच इथे राहतो का? त्या म्हणाल्या, राहतो म्हणजे काय, रविवारी याच्या फोडणीने अख्खी गल्ली खोकते. ही साक्ष नोंदवून घेतली गेली.

पैशाचा भाग वेगळा. नवऱ्याने थाई बँकेत स्वतःच्या नावावर चार लाख बात अर्जाआधी दोन महिने ठेवायचे, किंवा महिना चाळीस हजार बात उत्पन्न दाखवायचं. मुदतवाढीची फी एकोणीसशे बात, ती किरकोळ. खरी अडचण त्या चार लाखांची. रुपयांत दहा लाखांच्या वर रक्कम जाते, आणि घरी कितीही निकड असली तरी ते दोन महिने तिला हात लावायचा नाही.

गंमत अशी की ही अट फक्त नवऱ्यांना आहे. ठाण्याची एक मुलगी थाई डॉक्टरशी लग्न करून इथे आली. तिला फोटो लागतात, उतारा लागतो, पण बँकेचं पुस्तक लागत नाही. नवरा पोसतो आणि बायको पोसली जाते, हे गृहीत धरून कुणीतरी कधीतरी हा नियम लिहिला. नागरिकत्वाचंही तसंच. थाई माणसाच्या परदेशी बायकोला त्यासाठी सोपं स्वतंत्र कलम आहे. नवऱ्यांचा रस्ता २००८ च्या दुरुस्तीने थोडा रुंद झाला, पण तिच्यासारखा झाला नाही. भारतीयाने तो धरला तर आपला पासपोर्ट सोडावा लागतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. कायम निवासाचा परवाना आहे, पण तोही एका देशाच्या लोकांना वर्षाला शंभरच. ठाण्याची मुलगी म्हणते, तुम्ही पुरुष पहिल्यांदाच बायकी नियमांत सापडलात. मला हे मान्य करावं लागतं.

जमीन कचेरीतला प्रकार मात्र मला खरोखर टोचला. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही. नोयने घराशेजारची आणखी थोडी जागा घेतली तेव्हा मला अधिकाऱ्यापुढे लिहून द्यावं लागलं, की हा पैसा सर्वस्वी तिचा आहे, त्यात माझा हक्क नाही. एका कचेरीत आमचं सगळं एकत्र आहे हे दाखवायला मी शयनगृहाचा फोटो देतो, आणि दुसऱ्या कचेरीत आमचं काही एकत्र नाही हे सहीनिशी सांगतो. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये ठेवायला नोयने मनाई केली आहे.

दर नव्वद दिवसांनी राहत्या पत्त्याची खबर द्यायची असते. अण्णा दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचे तसंच हे, फक्त वर्षातून चारदा. हल्ली ते घरबसल्या ऑनलाइन होतं. चुकलं तर दोन हजार बात दंड. देशाबाहेर जाण्याआधी परत येण्याचा परवाना काढायचा, एका वेळेचा हजार बात, अनेक वेळांचा तीन हजार आठशे. तो विसरून सांगलीला लग्नाला गेलात तर वर्षभराची मुदतवाढ विमानतळावरच संपते.

पैसेवाल्यांना बायको दाखवावी लागत नाही, हे सांगायला हवं. २००३ पासून चालत आलेली सरकारी सदस्यत्वाची योजना आहे. २०२४ मध्ये तिचं पाच वर्षांचं सर्वांत स्वस्त कार्ड साडेसहा लाख बातचं होतं. २०२२ पासून श्रीमंत आणि तज्ज्ञ मंडळींसाठी दहा वर्षांचा व्हिसा आहे. २०२४ मध्ये लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा आणखी एक निघाला. खात्यात पाच लाख बात दाखवा आणि एका वेळी सहा महिने राहा. जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहांनाही कायद्याची मान्यता मिळाली आणि संहितेतले पती-पत्नी जाऊन जोडीदार आले. ओळखीतला एक बेल्जियन गृहस्थ आपल्या जोडीदाराबरोबर इतकी वर्षं एका घरात राहिला, पण कारण निवृत्तीचं दाखवत आला. त्या दोघांनी पहिल्याच महिन्यात नोंद केली.

निवृत्तीचा तो रस्ता मलाही पन्नाशीनंतर खुला झाला आहे. आठ लाख बात बँकेत, किंवा महिना पासष्ट हजार उत्पन्न. मग फोटो नको, शेजारी नको, ‘विचाराधीन’ नको, पुष्कळदा त्याच दिवशी शिक्का. पण त्यावर काम करता येत नाही, आणि मी अजून दोन छोट्या गिरण्यांना सुताच्या दर्जाबद्दल सल्ला देतो. लग्नाच्या मुदतवाढीवर कामाचा परवाना मिळतो. म्हणून मी याच रस्त्यावर राहिलो आहे. नोयला विचारलं तर ती म्हणते, आठ लाख नाहीत म्हणून राहिला आहे. तेही खरं. ज्याला काम करायचं नाही आणि ज्याच्याकडे रक्कम आहे, त्याने मात्र निवृत्तीचाच मार्ग घ्यावा. आणि खात्यात तात्पुरते पैसे भरून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी कुणीही लागू नये. सापडलं तर परवानगी तुमची जाते, त्याची नाही.

अलीकडे गावाकडून फोन येतात, अमक्याचा मुलगा थाई मुलीशी लग्न करतोय, काय करू. त्यांना माझं सांगणं एवढंच. समारंभ सांगलीत करा, नाहीतर इथे भिक्षू बोलवा, हजार माणसं जेवू घाला, पण आधी अम्फोत जाऊन नोंद करून घ्या. समारंभाच्या अल्बमवर या देशात एका दिवसाचीही मुदत मिळत नाही.