वाटेवरची माणसं

रविवार, रात्री

आज दिवसभर पुण्यात व्याख्यानं ऐकली. विषय एकच : माणसांचं चालणं, जाणं, परतणं.

सकाळी वारी. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख निघणार, हे ठरलेलंच. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या, हे त्यांना खुपलं होतं. श्रद्धेच्या वाटेवरही त्यांनी डोळे उघडे ठेवले, म्हणून तो लेख मला मोठा वाटतो.

दुपारी धनगर. पावसाळा सरला की कळप घाट उतरतात, कापणी झालेल्या शेतांत मेंढरं बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो.

मन मात्र अजून संध्याकाळच्या भाषणातच आहे. दिवाळीच्या सुमारास बीडची माणसं ऊसतोडीला निघतात, तेव्हा मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधीच खर्चून झालेली असते. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. बाईची मजुरी वेगळी अशी तिच्या हातात पडतच नाही. पोरं शाळा सोडून सोबत. त्यांच्यातल्या गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांची संख्या इतकी वाढली की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हे ऐकताना माझ्या शेजारच्या आजी रडत होत्या.

वारीच्या वाटेवर आपण पाणी घेऊन उभे राहतो. या वाटेवर कोण उभं असतं?

संयोजकांना एकच विनंती : पुढचं सत्र ऐन गळीत हंगामात, कारखान्याजवळच्या कोप्यांवर, तोडकऱ्यांच्या झोपड्यांपाशी घ्या. तिथल्या बायकांना बोलू द्या, आम्ही ऐकायला येऊ.