रिकामा कासरा

जुनी वस्तू विकत घेणे ही एक विद्या आहे, आणि ती कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. नवी वस्तू कोणीही घेऊ शकतो. दुकानात जावे, पैसे मोजावे, पावती खिशात घालावी, संपले! परंतु दुसऱ्याने वापरलेली सायकल, शिवणाचे यंत्र किंवा बैलजोडी घेणे म्हणजे एका परक्या माणसाचा भूतकाळ विकत घेणे होय. त्याने ती वस्तू कशी वापरली, कुठे आपटली, काय झाकून ठेवले, हे सारे त्या वस्तूबरोबर मुकाट्याने आपल्या घरी येते. आमच्या धर्माबादेत जुने घेण्याची लाज कोणालाच वाटत नाही. मिरचीच्या हंगामात चार पैसे हाती आले की इथला माणूस आधी चौकशी करतो, "कुणाचं जुनं निघालंय का?" मोटारसायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत पुष्कळ गोष्टींनी आमच्या गावात दुसरा संसार थाटलेला आहे.

तरीही जुने विमान घेताना काय पाहावे, हा प्रश्न गावात पूर्वी कोणाला पडला असेल असे मला वाटत नाही. तो माझ्यापुढे आला भाच्यामुळे. हे चिरंजीव अमेरिकेत, टेक्सासात नोकरीला आहेत. तिकडे सुटीच्या दिवशी ते विमान चालवायला शिकले, परवाना मिळवला, आणि एका रविवारी फोनवर म्हणाले, "मामा, एक जुनं विमान पाहायलोय." 'एक जुना पंखा पाहायलोय' म्हणावे, अशा सुरात!

दुसऱ्या दिवशी सकाळीच बहीण आली. तिला हा एकच मुलगा. मेहुणे गेल्यावर तिने लोकांचे कपडे शिवून त्याला शिकवला. पाणीसुद्धा न घेता ती म्हणाली, "दादा, पोरगं इमान घ्यायलंय म्हणं. आन् ते बी जुनं! नवं तरी घे म्हणावं. नाही तर नकोच म्हणावं. तुझं ऐकतंय ते."

'नको' म्हणणे मला सोपे होते. परंतु स्वतःच्या कमाईवर परवाना मिळवलेल्या माणसाला 'नको' म्हटले, तर तो विमान सोडत नाही. आपल्याला सांगणे तेवढे सोडतो. मग विमानही असते आणि आपण अंधारातही असतो. म्हणून मी बहिणीला सांगितले, "मी त्याला नको म्हणणार नाही. तो कसा घेतो, ते मात्र विचारीन." तेव्हापासून तीन महिने मी ह्या विषयावर मिळेल ते वाचले, आणि दर रविवारी त्याला छळले.

माझी पात्रता एवढीच, की मी एका नामांकित बैलपारख्याचा मुलगा आहे. लोक वडिलांना माळेगावच्या जत्रेत हट्टाने बरोबर नेत. धर्माबादेहून मीटरगेजच्या गाडीने नांदेड, तिथून मोटारीने माळेगाव. खंडोबाचे दर्शन आधी, बाजार मागून. त्या बाजारात लाल कंधारी आणि देवणी जनावरांच्या रांगा लागत, आणि हेडी लोक शिंगे साळून, अंगाला तेल चोपडून बैलाला नवरदेव करून उभा करीत. वडील त्या तेलाकडे बघतच नसत. आधी दात, मग खूर, मग खांद्यावर जुवाचा वण, आणि शेवटी चालवून बघायचे. इतके करूनही मन घेत नसेल तर ते सरळ परत फिरत. ते म्हणत, "बाजारातून रिकामा कासरा घेऊन यायची ज्याला लाज वाटते, त्यानं बाजाराला जाऊच नये."

आता विमान. भाच्याच्या मनात होते ते 'सेसना १७२'. ह्या जातीचे पहिले विमान १९५५ साली उडाले, आणि तेव्हापासून आजवर ४४ हजारांहून अधिक तयार झाली. १९८६ साली कारखान्याने ती करणे थांबवले आणि पुढे दहा वर्षांनी पुन्हा सुरू केले. साहजिकच बाजारात जी स्वस्त मिळतात, त्यांतली पुष्कळशी भाच्याहूनही वयाने मोठी! त्याने दाखवलेले विमान १९७४ सालचे होते. बहिणीला हे मी सांगितले नाही.

परंतु विमानाचे वय वर्षांत मोजत नाहीत, ते तासांत मोजतात. ह्या जातीच्या इंजिनाला साधारण २,००० तास उडाल्यावर, किंवा १२ वर्षे झाल्यावर, पूर्ण उघडून नवे करावे अशी ते करणाऱ्या कारखान्याची शिफारस असते. ह्यावरून मला वाटले, जे कमी उडाले ते चांगले. भाचा हसला. ह्या इंजिनात व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. विमान महिनोन् महिने उभे राहिले की त्यावरचे तेल खाली निथळून जाते, दमट हवा लागते, आणि तो आतल्या आत गंजू लागतो. म्हणजे दावणीला बांधून पोसलेला बैल देखणा दिसतो, पण नांगराला जुंपला की बसकण मारतो, तशातलाच हा प्रकार! नेमाने उडालेले विमान बिनउडालेल्यापेक्षा पुष्कळदा बरे.

मग हे सारे कळावे कसे? त्याला उत्तर वह्या. आपण दिवाळीत वह्यांची पूजा करतो. विमानवाले ती बारा महिने करतात. सांगाड्याची, इंजिनाची आणि पुढच्या पंख्याची अशा नोंदवह्या असतात. किती तास उडाले, कोणता भाग कधी बदलला, कोणत्या मेस्त्रीने पाहून सही केली, विमान कुठे आपटले होते का, हे सारे त्यांत असते. मधलीच काही वर्षे कोरी असतील, किंवा 'वही हरवली' असे मालक म्हणत असेल, तर नवीन रंगाकडे पाहून भुलू नये. रंग म्हणजे शिंगाचे तेल. रंगाखाली, सांध्यांत, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली आहे का, ते पाहावे. समुद्रकाठी राहिलेल्या विमानाची तर विशेष तपासणी करावी. शिवाय अमेरिकेत नोंदलेल्या विमानांचे दफ्तर ओक्लाहोमा सिटी ह्या गावी आहे. विमान खरोखर विकणाऱ्याच्या नावावर आहे का, त्यावर कोणाचे कर्ज आहे का, ते तिथे कळते. थोडक्यात, विमानालाही सातबारा असतो, आणि बोजा पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की तपासणारा मेस्त्री आपला हवा. इतकी वर्षे ज्याने त्या विमानाची देखभाल केली, तो कितीही सज्जन असला तरी तो आपल्याच कामाची परीक्षा कशी घेणार? वडील हेड्याच्या ओळखीच्या माणसाला तोंडसुद्धा उघडू देत नसत. आपला मेस्त्री प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून तिच्यातली किती टिकते ते पाहतो. हाच दात पाहण्याचा प्रकार. तो तेलाची गाळणी कापून उलगडतो आणि तिच्या घड्यांत धातूचे कण चमकतात का ते उन्हात धरून पाहतो. ह्या कामाचे पैसे पडतात, आणि विमान घेतले नाही तरी पडतात. पुष्कळांना तेवढेच जड जाते.

घेऊन झाले की मग वैरणीचा हिशेब. हे विमान तासाला सुमारे ३० लिटर पेट्रोल पिते, आणि तेही साधे नव्हे. मोठ्या विमानांचे रॉकेलसारखे इंधन ह्याला चालत नाही. ह्याला अ‍ॅव्हगॅस लागते. आपल्या देशात तर ते अनेक वर्षे परदेशातून आणावे लागे. २०२२ साली इंडियन ऑइलने आपल्या बडोद्याच्या कारखान्यातले बाजारात आणले. पेट्रोलाखेरीज विमा, छपराचे भाडे आणि दर वर्षाची सक्तीची तपासणी हे खर्च विमान उडो वा न उडो चालूच असतात. आणि दर तासामागे काही रक्कम इंजिनाच्या नावाने बाजूला टाकायची, कारण २,००० तास कधी ना कधी भरणारच. सारे पैसे खरेदीत घालणाऱ्याने विमान घेऊ नये. बैल परवडतो, कडबा परवडत नाही, अशी त्याची गत होते.

आणखी एक फसवी गोष्ट खुर्च्यांची. ह्या विमानात खुर्च्या चार, म्हणून माणसे चार, असे नव्हे! टाक्या काठोकाठ भरल्या तर चार धट्टीकट्टी माणसे आणि त्यांचे सामान बहुधा बसत नाही. वजन कागदावर मांडून मगच निघायचे. हे मी बहिणीला मुद्दाम सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे मला घिऊन उडायचंच नाही की!" तिच्या स्वरात सुटकेबरोबर किंचित निराशाही होती, असा मला भास झाला.

जुन्या विमानाला हलके लेखू नये, हेही खरे. १९३० साली एमी जॉन्सन नावाची तरुणी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेली, ती वापरलेल्याच 'जिप्सी मॉथ'मधून. ५ मे रोजी निघून २४ मे रोजी पोचली. वाटेत अलाहाबाद गाठण्याआधी पेट्रोल संपत आले, तेव्हा हट्टाने पुढे न जाता ती आपल्या झाशीला, लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरली. ती नुसती उडवणारी नव्हती. इंजिन उघडून दुरुस्त करण्याचा परवानाही तिने आधीच मिळवला होता. म्हणून मी भाच्याला सांगितले, तेल बदलणे, प्लग साफ करणे एवढे तरी स्वतःच्या हाताने कर. तिकडचा कायदा मालकाला त्याची मुभा देतो. ज्याचे हात काळे होतात, त्याला इंजिनाचे दुखणे आधी कळते.

प्लगवरून आठवले. त्याच सुमारास हिंदुस्थान आणि इंग्लंड ह्यांमधले अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा कोवळा पोर इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. ईजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगसाठी अडकून पडला होता. टाटांनी जवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी काही तासांनी आधी पोचला आणि बक्षीस घेऊन गेला. पुढे १९६० साली तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. टाटांची उदारता सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातली दुसरी गोष्टही भावते: त्यांच्याजवळ जादा प्लग होते!

आणि आता नव्या मालकासाठी सर्वांत उपयोगी कथा. १९२३ साली चार्ल्स लिंडबर्ग ह्या तरुणाने जॉर्जिया प्रांतात महायुद्धातून उरलेले एक 'जेनी' विमान ५०० डॉलरांना घेतले. तोवर तो एकटा कधी उडालेलाच नव्हता! विमान जेमतेम जमीन सोडते न सोडते तोच ते डुलू लागले. त्याने तिथेच खाली टेकवले आणि परत आणले. हे पाहणाऱ्या एका अनोळखी वैमानिकाने त्याला बरोबर बसून काही फेऱ्या शिकवल्या, आणि संध्याकाळी वारा पडेपर्यंत थांब म्हणून सांगितले. तो थांबला. ह्याच माणसाने चार वर्षांनी अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडला. लोकांना महासागर आठवतो. मला ते परत आणून उभे केलेले विमान आठवते.

रोज उडण्यापूर्वी टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून तळाशी पाणी दिसते का पाहायचे; वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर तर केले नाही ना, ते पाहायचे; आभाळाकडे पाहायचे. ह्यांतले एक जरी पटले नाही, तर घरी जायचे. घरी पाहुणे जमले असोत की सोमवारी कचेरी असो. विमान घेताना आणि विमान चालवताना कसब एकच आहे: परत फिरता येणे.

गेल्या महिन्यात १९७४ सालच्या त्या विमानाचा निकाल लागला. रंग नवा, भाव बरा, आणि दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे असा मालकाचा निरोप. भाच्याने आपला मेस्त्री नेला. चौथ्या दिवशी गाळणी कापली, तर घड्यांत धातूचे कण. मेस्त्रीचे पैसे देऊन भाचा घरी आला. त्याच्या आवाजात थोडी खिन्नता होती. मी त्याला फक्त वडिलांचे वाक्य ऐकवले.

बहिणीला बातमी सांगायला मी स्वतः गेलो. ती अंगणात मिरच्या निवडत होती. मला वाटले, ती देवापुढे साखर ठेवील. पण तिने पदराने डोळे टिपले, मिरचीमुळे की कशाने कोण जाणे, आणि विचारले, "म्हंजे आवडलेलं हुतं, तरी रिकामा आला?"

"हो, रिकामा आला."

ती बराच वेळ देठ खुडत राहिली. मग म्हणाली, "मग दुसरं बघू दे त्याला. फकस्त एक सांग दादा. उडायच्या आधी मला फोन करू नको म्हणावं. उतरल्यावर कर."