तसं काही नाही, पण...

मोबाइलवर एखादा नंबर असा असतो, की तो फ्लॅश झाला की समोर बॉस असला तरी आपण केबिनबाहेर पडतो. माझ्याकडे तो रेवसचा आहे. आजीच्या वृद्धाश्रमाचा. (हो, वृद्धाश्रम. भुवया खाली घ्या, आजीनं स्वतः निवडलाय. तिचं माहेर त्याच पट्ट्यातलं आणि आमच्या वन रूम किचनमध्ये तिचा जीव घुसमटतो.)

गेल्या श्रावणात तिथल्या मावशींचा फोन आला. "ताई, तसं काही नाही, पण आज आजी गप्पगप्प आहेत. चहात बिस्किटसुद्धा बुडवलं नाही." बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, ताप नाही. आश्रमाचे मॅनेजर म्हणाले, उद्यापर्यंत बघू. न्यू जर्सीचा काका म्हणाला, "८४ वर्षांची आहे गं, चालायचंच." मावशींचं पालुपद एकच : "काल अशा नव्हत्या." संध्याकाळी फोनवर आजी मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागली.

रक्त तपासलं. सोडियम धाडकन उतरलेलं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, त्यात चार दिवस जेवण अर्ध्यावर. अलिबागला अॅडमिट केलं. सोडियम हळूहळूच वर आणावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होऊ शकते, हे तेव्हा कळलं. सहाव्या दिवशी आजी हॉस्पिटलच्या इडलीला नावं ठेवायला लागली आणि आम्ही सुटलो.

त्यानंतर पत्रकारी खोडीनं मी या विषयावर बरंच वाचलं. म्हाताऱ्या शरीराची तक्रार करायची पद्धतच वेगळी. न्यूमोनियातही ताप येईलच असं नाही. आधी बदलतो तो माणूस : झोपाळतो, बरळतो, ताट सरकवतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये पेशंट बिघडतोय का हे ओळखायला एक स्कोअर काढला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप. २०१७ च्या सुधारित स्कोअरमध्ये 'नव्यानं आलेला गोंधळ' घातला, आणि त्याला एकट्याला पूर्ण ३ मार्क! आता 'नव्यानं' हे कुठलं मशीन सांगणार? ते सांगू शकतो फक्त तो, ज्यानं कालही या माणसाला जेवू घातलंय. म्हणजे मावशी. आमच्या आश्रमात सगळ्यात कमी पगार आणि सगळ्यात कमी आवाज त्यांचाच.

ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा सांगतो, की सरकारी हॉस्पिटलांनी त्यांना शक्यतो बेड द्यावा, वेगळी रांग ठेवावी. छानच. पण रांगेपर्यंत पोचायचं कसं? मोठ्या ओहोटीला गाळामुळे भाऊच्या धक्क्याची लाँच रेवसला लागत नाही. म्हणून मुंबई मनातून काढलीय. आधी १०८, मग अलिबागचं सिव्हिल, पुढचं पुढे. हे रात्री दोन वाजता ठरवायचं नसतं. आजीच्या कपाटाला आतून कागद चिकटवलाय : गोळ्या, अॅलर्जी, कुठं न्यायचं, शेवटचा निर्णय कोणाचा (काकाचा नाही).

मॅनेजरांशी दोनचारदा वाजलं, पण आता एक वही सुरू झालीय. आजीचं 'नेहमीचं' काय ते पहिल्या पानावर : भाकरी किती, झोप किती, कोणाशी पटत नाही. ड्युटी बदलताना मावशी एक ओळ लिहितात. आणि काही वेगळं वाटलं तर कोणाला न विचारता मला फोन. असे सात आले, पाच फुसके निघाले. मॅनेजर ते पाच मोजतात. मी उरलेले दोन.

परवाची नोंद : "तांदळाची भाकरी दीड. माझ्याशी भांडल्या. ठीक."