इंजिनाचा दम

मुलांनो, सायकलमध्ये हवा भरायचा पंप घरात असेल तर घ्या. नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दांडा खाली लोटा. आधी दांडा सहज जाईल, मग अडेल. आतली कोंडलेली हवा उलटा रेटा देते ना! पाच-सहा वेळा करा, पंप खालून कोमट लागेल.

मोटारसायकलच्या इंजिनातही असंच घडतं. पिस्टन हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो, दाबतो, ठिणगीने ती पेटते आणि धूर बाहेर जातो. या चार पायऱ्यांचं इंजिन जर्मनीच्या निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली यशस्वी केलं.

आता थोडं गणित. सीडी १०० किंवा स्प्लेंडर या गाड्यांच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वापरा. उत्तर येतं सुमारे ९७ घनसेंटिमीटर. 'शंभर सीसीची गाडी' म्हणतात ती हीच! पिस्टनच्या वर आणखी १२ घनसेंटिमीटरची जागा असते. म्हणजे १०९ घनसेंटिमीटर हवा १२ मध्ये कोंबायची, जवळजवळ नऊपट दाबून. ही हवा कुठून निसटली, की गाडीचा दम गेलाच.

आमच्या मोलगीला हा दम फार लागतो. अक्कलकुव्याला जायचं तर देवगोई घाट. पाड्यांवरून आमचुराची पोती मोटारसायकलवर येतात आणि रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं, तर त्यालाही मध्ये बसवून तिच्यावरूनच दवाखान्यात आणतात.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांच्या गाडीचं इंजिन खोललं होतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, सगळं बसवलं. एका किकमध्ये गाडी सुरू! आवाजही छान. वडील म्हणाले, "झालं ना दादा? निघू का?"

मिस्त्री म्हणाले, "थांबा भाऊ, नुसत्या आवाजावर नाही सोडत मी."

त्यांनी गाडी थोडा वेळ चालवून इंजिन गरम केलं. मग चावी बंद करून प्लग काढला आणि त्याच्या भोकात दाब मोजायचा काटा बसवला. अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला आणि किकवर किक मारल्या. सुई चढत चढत ८ वर थांबली. आता किती का किक मारा, पुढे हलेना! मिस्त्री म्हणाले, "या गाडीला ११ तरी पाहिजे."

मग त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. असं का बरं? ऑइल पिस्टनच्या कडेला पसरतं आणि रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवतं. दाब वाढला तर हवा रिंगांतून जाते आहे. नाही वाढला तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये नाहीतर हेडच्या पॅकिंगमध्ये. सुई पुन्हा ८ वरच राहिली.

इंजिन थंड झाल्यावर त्यांनी टॅपेट उघडून पाहिले. एक फारच घट्ट होता. तिथे कागदाएवढी फट लागते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, हे तुम्ही विज्ञानात शिकलात. फट नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह वाढतो आणि त्याला नीट मिटायला जागाच उरत नाही. घाटात असा व्हॉल्व्ह जळतोसुद्धा. मिस्त्रींनी पातळ पट्टी घालून फट बरोबर केली. इंजिन पुन्हा गरम करून मोजलं, तर सुई ११ वर!

तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, नवीन काहीच नाही घातलं, तरी दाब वाढला!" खरंच की! कुठे बिघडलंय ते कळलं, म्हणून पाच मिनिटांत काम झालं. मोजलं नसतं तर नव्या रिंगांवर उगाच संशय गेला असता. नव्या रिंगा काहीशे किलोमीटरनंतर नीट बसतात, म्हणून मिस्त्रींनी तेव्हा पुन्हा मोजायला बोलावलं आहे.

हा प्रयोग एकट्याने करू नका हं! त्या भोकातून पेट्रोलची वाफ उडते. पण घरच्या गाडीच्या माहितीपुस्तकात सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव सापडते का, ते जरूर पाहा. गाडी किती सीसीची, ते स्वतः काढा आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा.