सिंगरचं पिस्तूल

ओक्लाहोमातल्या टल्सा शहराच्या जत्रेच्या मैदानावर पंचाहत्तर फूट उंचीचा एक पिवळाधमक माणूस उभा आहे. डोक्यावर कामगाराचं शिरस्त्राण, एक हात तेलविहिरीच्या डेरिकवर, कमरेच्या पट्ट्यावर शहराचं नाव. तेलावर मोठ्या झालेल्या गावानं तेलकामगाराचा पुतळा उभारला, यात नवल नाही. नवल त्याच्या पायाशी चाललं होतं. एक आजोबा खांद्याला रायफल लावून रस्ता ओलांडत होते. रायफलीच्या नळीत काठी खोचलेली, काठीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर किंमत. त्यांच्यामागून एक बाई बाबागाडी ढकलत निघाली होती. वर बाळ झोपलेलं, खालच्या जाळीत पिस्तुलाचे दोन डबे. आणि या दोघांकडे माझ्याखेरीज कुणीही पाहत नव्हतं.

मी सांगलीचा, सासुरवाडी साताऱ्याची. बंदूक म्हणजे बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या माजी सैनिकाची बारा बोअर, एवढीच माझी ओळख. सैनिकांना आमच्याकडे तोटा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावामागं तर 'मिलिटरी' कायमचं चिकटलंय. पण त्या गावातसुद्धा हत्यार पलटणीचं असतं, घरातलं नव्हे. इथं दारावरच्या पोलिसानं काय केलं, तर लोकांनी आणलेल्या बंदुकीत गोळी नाही ना ते पाहिलं, प्लॅस्टिकची एक पट्टी ओढून घोड्याचं काम बंद केलं आणि 'मजा करा' म्हणून आत सोडलं.

"काका, तोंड मिटा," माझा पुतण्या म्हणाला. तो सांगलीच्या वालचंद कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनीअर. इथं विमानं दुरुस्त करतो आणि एवढ्या वर्षांत त्यानं एकही बंदूक विकत घेतलेली नाही. त्याच्या मुलीच्या शाळेत मात्र बंदूकवाला शिरला तर कुठं लपायचं, दिवे कसे घालवायचे, याची कवायत होते. हे त्यानं गाडी लावता लावता सांगितलं होतं, आणि पुढं दिवसभर ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

वॅनेनमाकर नावाच्या कुटुंबाचा हा बंदुकांचा बाजार वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि नोव्हेंबरात भरतो. एका छताखाली अकरा एकर जागा आणि चार हजारांहून जास्त टेबलं. अकरा एकर म्हटलं की आमच्या माणसाच्या मनात द्राक्षबाग येते आणि एवढ्या बागेचा मालक गावात कसा चालतो तेही आठवतं. इथं त्या अकरा एकरांत खांबांचा अडथळा नाही, नजर जाईल तिथवर लोखंड. टेबलामागं विणकाम करणाऱ्या आज्या, मधेच सुकवलेलं मटण विकणारा, मधेच तळलेले शेंगदाणे. सगळे इतके सभ्य, की धक्का लागला तर चुकी माझी असूनही तेच माफी मागत होते.

पुतण्यानं मला ओढत नेलं ते संग्राहकांच्या बाजूला. तिथल्या निम्म्या टेबलांवर पाटी होती: विकायचं नाही. मग टेबल कशाला मांडलं? दाखवायला! काचेखाली मखमल, मखमलीवर पिस्तूल, शेजारी टाइप केलेला कागद. एका कोपऱ्यातल्या टेबलावर एकच पिस्तूल होतं, साधं, करडं, दागिन्यासारखं तर मुळीच नाही. मी पुढं सरकणार तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, वरचं वाचा." नळीवरच्या पोलादी सरकपट्टीवर बारीक अक्षरांत कंपनीचं आणि गावाचं नाव होतं, एलिझाबेथ, न्यू जर्सी. कंपनी सिंगर. होय, शिलाई मशीनवाली.

आमच्या घरी सिंगरचं मशीन आहे. आजीचं, मग आईचं, आता नुसतंच. खंडेनवमीला घरातली हत्यारं मांडायची म्हणजे कोयता, विळी, वडिलांचे पान्हे आणि हे मशीन. चाकाला झेंडूची माळ, हळदकुंकवाचं बोट थेट कंपनीच्या नावावर. लहानपणी मी विचारलं होतं की हे कसलं हत्यार. उत्तर म्हणून पाठीत धपाटा मिळाला होता. आता टल्सात कळलं की आजीचा हिशेब अगदीच चुकला नव्हता.

टेबलामागच्या म्हाताऱ्यानं माझा चेहरा पाहून खुर्ची पुढं केली आणि सांगायला बसला. ब्राउनिंग नावाच्या कारागिरानं या पिस्तुलाची घडण केली, अमेरिकी लष्करानं ते १९११ मध्ये घेतलं. त्याआधीच्या चाचणीत ते सहा हजार गोळ्या न अडकता झाडत गेलं होतं. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण तिच्याच धक्क्यानं वरची पट्टी मागं जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि परत येताना पुढची गोळी नळीत बसवते. म्हणून अर्धस्वयंचलित. पुढं १९४० मध्ये युद्ध दाराशी आलं तेव्हा सरकारला पाहायचं होतं की शिलाई मशीन करणाऱ्या कारखान्याला गरज पडली तर पिस्तूल जमेल का. पाचशे नगांची शिकाऊ ऑर्डर दिली. सिंगरनं ती १९४१ च्या अखेरीला पुरी केली आणि कामही सुरेख केलं. इतकं सुरेख, की सरकारला वाटलं या लोकांना पिस्तुलावर कशाला वाया घालवायचं, आणि त्यांना विमानविरोधी तोफांच्या नेमबाजीची गुंतागुंतीची यंत्रं करायला लावलं. पिस्तुलं पाचशेवरच थांबली. क्रमांक एस ८००००१ ते एस ८००५००. कुणी संग्राहकांसाठी ती वेगळी ठेवली नाहीत. सैनिकांच्या कमरेला लागून ती युद्धावर गेली, हरवली, झिजली. जी उरली त्यांतल्या एकाला लिलावात चार लाख डॉलरांपेक्षा जास्त आले.

शेजारच्या टेबलावर तेच पिस्तूल, तोच साचा, तीच गोळी. किंमत दोन-अडीच हजार डॉलर. त्यावर नाव होतं रेमिंग्टन रँड. आता मात्र मी मोठ्यानं हसलो. साताऱ्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसून अर्ज टाइप करणाऱ्यांनी ज्या कंपनीच्या यंत्रांवर बोटं झिजवली, तिनं युद्धात पावणेनऊ लाखांवर पिस्तुलं केली. टाइपरायटरवाल्याची ढिगानं, शिंप्याची पाचशे. लोखंडात फरक नाही, फरक नुसता मोजणीचा.

आणि कागदाचा. कोल्टचं पिस्तूल कुठल्या तारखेला कारखान्यातून निघालं, कुठं पाठवलं, याचं पत्र ती कंपनी आपल्या जुन्या वह्या उलगडून पैसे घेऊन देते. त्या पत्राशिवाय इथला जाणकार हात पुढं करत नाही. मला साताऱ्याचं संग्रहालय आठवलं. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तिथं आली तेव्हा सासरच्या मंडळींसोबत रांगेत मीही होतो. ती १८१८ ते १८२२ साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडून त्याच्या घराण्यात गेली आणि वंशजानं म्युझियमला दिली. सोबत एक पेटी आणि पेटीवर मजकूर, की शिवाजी महाराजांची हीच ती. म्युझियम मात्र म्हणतं की खात्रीनं सांगता येत नाही, आपल्याकडच्या इतिहासकारांतही वाद आहे. टल्साच्या या म्हाताऱ्यांसमोर ती पेटी ठेवली असती तर त्यांनी नखांआधी मजकुराकडे भिंग धरलं असतं. रांगेतल्या आमच्या एका मामेसासऱ्यांनी चप्पल काढून हात जोडले. त्यांना भिंगाची गरज पडली नाही.

पुढच्या रांगेत नवी कोरी दुर्मिळता होती. मला ती सोसवली नाही, पण पाहून घेतली. आर्कान्सामधल्या बेरीव्हिल नावाच्या लहानशा गावात विल्सन आणि नाइटहॉक असे दोन नामांकित कारखाने आहेत. नाइटहॉकमध्ये एका पिस्तुलाला एकच कारागीर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इथवर माझा पूर्ण आदर. सुटे भाग कानशीनं घासून असे जुळवलेले, की पट्टी सरकताना पाण्यावरून हात फिरवल्यासारखं वाटावं, असं पुतण्याच म्हणाला, आणि तो सहसा कौतुक करत नाही. पण मग त्यांतलेच काही नग 'एवढेच काढणार' म्हणून जाहीर होतात, कोरीव काम होतं, क्रमांक पडतात आणि घेणारा ते तिजोरीत ठेवून देतो. झाडायचं नाही, कारण झाडलं की किंमत पडते. काही जण तर पट्टीही ओढत नाहीत, ओरखडा पडेल म्हणून. पेनसिल्व्हेनियातल्या कॅबट कंपनीनं २०१६ मध्ये नामिबियात पडलेल्या गिबियन उल्केच्या लोखंडातून पिस्तुलांची जोडी घडवली, एक उजव्या हाताची, एक डावखुऱ्याची. किंमत सांगितली पंचेचाळीस लाख डॉलर. जगात असं प्रथमच, असा त्यांचा डांगोरा. पिस्तूल प्रथमच असेल, हत्यार नव्हे. जहांगीरानं १६२१ मध्ये जालंधरकडे पडलेल्या उल्केचं लोखंड घेऊन हत्यारं करवली होती. त्यांतला खंजीर आज अमेरिकेतच, वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

सिंगरची पाचशे ही घडलेली गोष्ट आहे. ही पन्नास किंवा शंभर ही ठरवलेली. माझ्या भागातही पिस्तुलं दुर्मीळ होती, पण किंमत वाढावी म्हणून कुणी ठरवून नव्हे. १८४८ मध्ये खालसा झालेल्या साताऱ्यात पुढं १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर परवान्याविना हत्यार बाळगणं गुन्हा झालं. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी हत्यारांसाठी गोव्यापर्यंत गेले. हाती आलेलं पिस्तूल कितव्या क्रमांकाचं, हे तेव्हा कुणी पाहिलं नसणार. ते चालतं का, एवढंच.

परत सिंगरवाल्या म्हाताऱ्यापाशी आलो तर त्यानं आमच्याकडची चौकशी आरंभली. मी सांगितलं, परवाना कलेक्टरकडून, २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्याला नाहीच, आणि निवडणूक लागली की परवान्याचं हत्यार बहुतेकांना पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावं लागतं. जमा करण्याचं ऐकून त्याचा चेहरा असा झाला, की मला त्याला पाणी विचारावंसं वाटलं.

"मग तुमच्याकडच्या बंदूक-तलवारींच्या कारागिरांचं काय झालं?"

हा प्रश्न मला आवडला, कारण याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात आहे. मिरजेचे शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार आणि पाणी देणारे. राज्यं गेली, लढाया थांबल्या, काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन यांनी सतार-तंबोऱ्यांच्या दुरुस्तीला हात घातला, पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला, आणि भोपळा कोरून तंबोरा घडवण्यात ते घराणं इतकं मुरलं, की आडनावच सतारमेकर होऊन बसलं. आज हिंदुस्थानातले मोठे गवई मिरजेचा तंबोरा मागवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पुतण्यानं फोनवर एक तंबोरा वाजवून दाखवला. बाजाराच्या कलकलाटात तो काय ऐकू येणार, पण म्हाताऱ्यानं फोन कानाला लावून डोळे मिटले.

मग खिशातून वही काढली, मिरजेचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि म्हणाला, "त्या पहिल्या कारागिरांच्या हातचा एखादा मिळेल का? जुना, पण कधीही न वाजवलेला?"

पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, सांग त्यांना, असला तंबोरा मिरजेत नेऊन दाखवलात तर सतारमेकर पहिल्यांदा एवढंच विचारील, की यात खोट काय होती.